माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स

मला व्यसनमुक्ती केंद्रात नेलं ते म्हैस दाखवायला म्हणून. मेव्हणा म्हणाला, "दाजी, पाटणकडं एक मुऱ्हा म्हैस हाय. दोन वक्ताला चौदा लिटर. पर तुमच्याबिगर पारख कोण करणार?" आता म्हशीची पारख म्हटलं की मी मयताच्या पंगतीतनंसुद्धा उठतो. सकाळी सकाळीच दोन क्वार्टर पोटात होत्या, त्यामुळं इस्लामपूर कवा सुटलं आणि कऱ्हाड कवा मागं पडलं काही कळलं नाही. डोळे उघडले तेव्हा समोर पांढऱ्या कोटातला डॉक्टर.

मी विचारलं, "म्हैस कुठाय?"

तो म्हणाला, "बसा. जीभ काढा."

जीभ बघितली, पापण्या ओढून बघितल्या, दात बघितले, पोट दाबून बघितलं. म्हैस घेताना मी जे जे करतो ते सगळं त्यानं माझं केलं. तोवर मेव्हण्यानं गाडी वळवली होती. मी खिडकीतनं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. त्यानं हॉर्न वाजवून निरोप घेतला.

पहिला आठवडा काय सांगू! हात असे कापायचे की चहा कपात कमी आणि लुंगीवर जास्त. झोप नाही, भूक नाही, भिंतीवर मुंग्या नसताना मुंग्या. आमच्या खोलीत सहा जण होते आणि त्यातला एक साताऱ्याकडचा रिटायर फौजी. दारूनं त्याचं सगळं नेलं होतं, आवाज तेवढा ठेवला होता. पहाटे साडेपाचला, "चलो, उठो, बिस्तर समेटो!" चादरीला एक सुरकुती दिसली की चादर परत घालायची. एकदा मी चिडून म्हणालो, "आवं, आमी हितं दारू सोडाय आलोय, भरती व्हायला न्हाई." तो म्हणाला, "गड्या, सोडणं म्हंजी भरतीच. फकस्त पगार न्हाई."

दुसऱ्या आठवड्यात भूक परतली आणि गोडाची अशी तलफ लागली की विचारू नका. दारू सुटली की सगळ्यांचंच तसं होतं म्हणे. जन्मभर ऊस पिकवला, गुळाला कधी हात लावला नाही, आणि आता स्वयंपाकीणबाईच्या मागं मागं, "मावशी, एक खडा." मावशी म्हणायच्या, "आवं, बाकीच्यांस्नी पुरू द्या की!" खोलीत सहा बाप्ये गुळाच्या खड्यावरनं भांडतायत, हे आमच्या बायकांनी बघितलं असतं तर हसून मेल्या असत्या.

रविवारी भेटीचा दिवस. बायको यायची. भाकरी, ठेचा आणि गावातल्या बातम्या आणायची. पोरगी यायची नाही. पहिल्या रविवारी बायको म्हणाली, "तिचा अभ्यास हाय." दुसऱ्या रविवारी म्हणाली, "तिचा पाय दुखतोय." तिसऱ्या रविवारी मी विचारलंच नाही, म्हणून तिनंही काही सांगितलं नाही.

कारण मला माहीत होतं. ते सांगायला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पोरगी पोलीस भरतीची तयारी करत होती. दोन वर्षं रोज पहाटे पाटाच्या रस्त्यावर पळायची. सांगलीला ग्राऊंड लागलं, म्हणजे मैदानी परीक्षा. आठशे मीटर पळायचं होतं. घरच्यांना आत सोडत नाहीत, गेटबाहेर थांबायचं. मी गेटबाहेरच थांबलो होतो, पण समोरच दारूचं दुकान होतं आणि आनंद मावत नव्हता. दुसऱ्या फेरीला ती सगळ्यांच्या पुढं दिसली आणि माझ्यातला बाप उसळला. कंपाउंडवरनं उडी मारली, "पळ, वाघिणी, पळ!" म्हणत तिच्या शेजारनं पळाय लागलो, आणि वीस पावलांत तिच्यापुढंच तोंडावर आपटलो. कपाळ फुटलं. पोरगी थांबली. मला उठवून कडेला बसवलं, मग पळाली. तोवर सगळ्या पोरी पुढं गेल्या होत्या.

त्या दिवसापासनं ती माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. जेवायला वाढायची, पण भाकरी ताटात अशी ठेवायची की त्यापेक्षा फेकून मारलेली बरी.

केंद्रात एक पद्धत होती. घरच्यांनी पत्र लिहायचं, आपण काय काय केलं ते, आणि समुपदेशक मॅडमनी ते सगळ्यांसमोर वाचायचं. एकाच्या बायकोनं बारा पानं लिहिली होती. त्यात आमच्यासारख्यांचा सगळा इतिहास आला, कोंबडी चोरल्यापासनं सासऱ्याच्या अंगावर ओकल्यापर्यंत. आम्ही पोट धरून हसलो, तोही हसला. मग माझं पत्र निघालं. पोरीचं. मॅडमनी पान उलटून पालटून बघितलं. एकच ओळ होती.

"तुम्हाला उचलायला मी थांबले, ते माझं चुकलं."

कोणी हसलं नाही. फौजीनं खिशातनं गुळाचा खडा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. मी पंचेचाळीस दिवसांत रडलो तो तेवढाच, पण रडलो तो असा रडलो की मॅडमनी पुढची पत्रं दुसऱ्या दिवसावर ढकलली.

पंचेचाळीस दिवस झाल्यावर मेव्हणाच न्यायला आला. गाडीत बसताना म्हणाला, "दाजी, राग न्हाई न्हवं?" मी म्हणालो, "म्हैस दाखीव आधी, मग सांगतो."

गावात शिरलो आणि गाडी थांबली. चौकात, एसटीच्या थांब्यावर, दहा फुटी फ्लेक्स! वर माझा फोटो, गॉगल लावलेला. कुणाच्या तरी हळदीतला होता. हातातला ग्लास कापून टाकला होता, पण बोटं तशीच गोल धरलेली राहिली होती. खाली लाल अक्षरांत, "दारूमुक्त झाल्याबद्दल आमच्या लाडक्या मित्राचे हार्दिक अभिनंदन!" त्याखाली शुभेच्छुक म्हणून अकरा जणांचे गोल गोल फोटो. अकराच्या अकरा माझ्याबरोबर पिणारे. आमच्या भागात पोराचं बारसं असो, शर्यतीत बैलाचा नंबर येवो, नाहीतर कोणी तलाठी होवो, फ्लेक्स लागल्याशिवाय ती गोष्ट झाली असं कोणी धरत नाही. यांनी प्रेमानंच लावला होता. बांधणाराच टाइट असल्यामुळं तेवढा एका बाजूला कलला होता.

ढोलकी वाजली, गुलाल पडला. एक जण गळ्यात पडून रडत म्हणाला, "गड्या, तू जिकलास रं! आज मटणाची पार्टी." मागं पोत्यात बाटल्या वाजत होत्या. मी पोत्याकडं बघितलं तसा तो म्हणाला, "तू घेऊ नगंस की! आमी घेतो तुझ्या वतीनं." खरं सांगतो, त्याच्या तोंडाचा वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. पंचेचाळीस दिवसांचा गूळ एका वासात संपला. मी म्हणालो, "बसतो थोडा वेळ. पावण्यासारखा."

तेवढ्यात पोरगी आली. सरावाहून येत होती, ट्रॅक पँट, पायात बूट, घामाघूम. तिनं फ्लेक्सकडं बघितलं, पोत्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग खांबावर चढली आणि सुतळ्या सोडायला लागली. एक शुभेच्छुक म्हणाला, "अगं पोरी, तुझ्याच बाच्या कौतुकाचा हाय!" तिनं वरनं नुसतं बघितलं. तो मागं सरला. ढोलकी आपोआप थांबली. फ्लेक्सची गुंडाळी खांद्यावर टाकून ती घराकडं चालली, आणि मी पोतं, मटण, गुलाल सगळं टाकून तिच्या मागनं निघालो. मागनं हाका आल्या. वळलो असतो तर तिथंच बसलो असतो, हे मला चांगलं माहीत होतं.

घरामागच्या परड्यात कडब्याची गंज होती. तिनं फ्लेक्स गंजीवर अंथरला, आणि माझा चेहरा खाली कडब्यात घालून पांढरी बाजू वर केली. कडेनं दगड ठेवायला लागली. मी न सांगता दगड उचलून द्यायला लागलो. चौथ्या दगडाला धीर केला.

"अगं, उलटा घातलास."

"माहीत हाय."

एवढ्या महिन्यांत ती पहिल्यांदा बोलली. मी पाचवा दगड पुढं केला.

"मग सुलटा कवा करणार?"

"माझी पुढची भरती होईस्तोवर तुमी टिकला, तर करीन. न्हाईतर कडब्यासंगं कुजू दे."

हे होऊन आता आठ महिने झाले. भरतीची जाहिरात अजून निघालेली नाही. पहाटे मी पाटाच्या रस्त्यावर मोबाइलमधलं घड्याळ लावून उभा असतो. ती पळत येते, मी आकडा सांगतो, ती मान हलवते. बोलणं तेवढंच. शुभेच्छुक मंडळी आता चौकातनं नजर चुकवून जातात.

परवा वाऱ्यानं फ्लेक्सचा एक कोपरा उडाला. मी दगड ठेवायला गेलो तर खालनं माझा गॉगल दिसला. आजूबाजूला कोणी नव्हतं. लय वाटलं, सगळाच उलटून टाकावा, एवढे दिवस टिकलोय की! हात कोपऱ्याला लागला होता. मग तो तसाच पालथा दाबला आणि त्यावर दोन दगड ठेवले.