खिशातला हात

“ताई, झोप झाली का?”

द्राक्षांच्या पॅकहाउसच्या दारात उभे राहून आमचे सुपरवायझर आम्हा प्रत्येकीला हे विचारायचे. डावा हात दारावर, उजवा कायम पँटच्या खिशात. आता तुम्हीच सांगा, सुपरवायझरला बायकांच्या झोपेशी काय देणंघेणं? पिंपरी पेंढारच्या त्या शेडमध्ये आम्ही वीसजणी कात्रीने घड साफ करायचो, आणि हा माणूस मालकाचे कान भरतो याबद्दल एकीलाही शंका नव्हती. खिशात वही असणार, असं मंदाचं म्हणणं. जिची झोप झाली नाही, तिचं नाव वहीत.

एकदा मंदाच खरं बोलून गेली. “न्हाई झाली, भाऊ. पोरगी तापली व्हती.”

त्यांनी तिच्या हातातली कात्री काढून घेतली आणि तिला खोक्यांना लेबलं चिकटवायला बसवलं. “आज कात्री नगं,” एवढंच म्हणाले. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आज कात्री गेली, उद्या काम जाणार. मंदाचं काम काही गेलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून आम्हा सगळ्यांच्या झोपा एकदम चांगल्या व्हायला लागल्या.

त्याच हंगामात माझी सासू नारायणगावला दवाखान्यात होती. दोन रात्री मी तिच्या उशाशी बसून काढल्या. नवऱ्याला काम नव्हतं, घर माझ्या कात्रीवर चालायचं. दारात त्यांनी विचारल्यावर मी म्हणाले, “लई झाली.”

जेवणाच्या सुट्टीआधीच कात्री बोटात घुसली. रक्त घडांवर सांडलं आणि परदेशी जायचा अख्खा क्रेट फेकून द्यावा लागला. आता आपलं काम गेलं, हे मी धरूनच चालले.

ते लगबगीने आले. पट्टी बांधायला दोन हात लागतात. खिशातला हात बाहेर आला तेव्हा त्यात वही नव्हती. हाताला दोन बोटंही नव्हती.

“कारखान्यात मशीनमधी गेली,” पट्टी गुंडाळत ते म्हणाले. “मी बी जागलेलोच व्हतो. कुणी इचारलं न्हाई.” मग खाली बघत म्हणाले, “तुमी खोटं का सांगितलं, ताई?”

“काम जाईल म्हून.”

त्यांनी पट्टीची गाठ मारली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोट बरं होईपर्यंत त्यांनी मला लेबलांवरच बसवलं.

पुढच्या हंगामाला ते आले नाहीत. कुठे गेले, कुणालाच सांगता आलं नाही. काही वर्षांनी मालकाने मला सुपरवायझर केलं. आता मी त्या दारात उभी राहते, प्रत्येकीला झोपेचं विचारते. “झाली, झाली,” म्हणत पोरी आत जातात, आणि जाता जाता माझ्या ॲप्रनच्या खिशाकडे बघून घेतात.