भगवंतरावांचा खर्रा आणि बोलका कॅमेरा

मोर्शीच्या भगवंतरावांनी संत्रीचोरांवर नजर ठेवायला बागेतल्या गुरांच्या कोठ्यात इंटरनेटचा कॅमेरा लावला, आणि खरा चोर शिरला तो त्यातूनच. पासवर्ड काय ठेवला म्हणता? 'जयगुरुदेव'. अहो, हा माणूस मोझरीपासून वरुडपर्यंत दिसेल त्याला जय गुरुदेव करतो. कुलूप लावलं आणि किल्ली गावभर वाटत हिंडला.

एका सकाळी, कॅमेरा तर आपलाच, या भरवशावर कोठ्यात कडब्याआड उभं राहून त्यांनी खर्र्याची पुडी सोडली. तंबाखू-सुपारीची चिमूट गालात सारली, तोच कॅमेरा बोलला, "जय गुरुदेव, काका."

भगवंतरावांनी घाईघाईनं खर्रा थुंकून टाकला. कारण हेच भगवंतराव तालुक्यात व्यसनमुक्तीची भाषणं देत, आणि दुसऱ्याच दिवशी शाळेच्या पटांगणात त्यांची मोठी सभा होती.

"महिनाभराची शूटिंग हाये माह्यापाशी. पैसे पाठवा, नाई तं गावाच्या ग्रुपवर टाकतो."

"लाज नाई वाटत तुले? कुठचा हायेस तू?"

"अकोल्याचा. आमचेबी नियम हायेत, काका. गरिबाले, म्हाताऱ्या बाईले मी हात लावत नाई. पैसे भेटले का शूटिंग पुसून टाकतो. स्टेजवर एक अन् कडब्यामांगं एक, असं आमच्या धंद्यात चालत नाई."

चोरानं आपल्यालाच नीती शिकवावी, याचाच भगवंतरावांना जास्त संताप आला. घरी येऊन त्यांनी बायकोला, गोदाबाईंना, सगळं सांगितलं.

"मले ठाऊक हाये," गोदाबाई भाकर थापत म्हणाल्या. "तुमचे खिसे मीच धुतो ना. पैसे काहून देता? सभेत तुमीच सांगून टाका. मंग तो काय दाखवन?"

दुसऱ्या दिवशी सभेत भगवंतरावांनी माईक धरला. "मी रोज खर्रा खातो," ते म्हणाले. "तुमच्यापासून लपवून खातो. मी खोटारडा हावो." आणि भरसभेत ते रडले. खरंच रडले हो.

मग टाळ्यांचा कडकडाट. "काय वठवला व्यसनी माणूस," म्हणत अध्यक्षांनी डोळे पुसले. "अहो, खरं सांगून राहिलो," भगवंतराव काकुळतीनं म्हणाले, तर टाळ्या आणखी वाढल्या.

पैसे काही आले नाहीत, तेव्हा चोरानं शूटिंग ग्रुपवर टाकलं. खाली लोकांनी लिहिलं, 'पाहा, महिनाभर तालीम करत होते.'

संध्याकाळी शेंदूरजनाघाटहून फोन आला. हीच सभा आमच्याकडं घ्या, रडणं तेवढं तसंच राहू द्या. भगवंतराव आधी नाही म्हणाले. मग त्यांनी तारीख विचारली.