शंभर टक्के निकाल

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांनी तिला ते ठेवलं आणि ठेवलं ते अगदी चपखल. बाई एका जागी उभी राहील तर शपथ! या खोलीत कुणाची कूस बदल, त्या खोलीत कुणाला चमच्यानं सूप भरव, तिसरीकडे ओली चादर ओढून काढ, आणि हे करता करता तोंडाचा पट्टा चालूच.

"काय आजोबा, आज दाढी नको म्हणताय? कुणी बघायला येणार नाही असं वाटतंय होय? मी काय आंधळी आहे?"

आजोबा मुकाट्यानं गाल पुढे करायचे.

चाळिशीला टेकलेली, अंगानं काटकुळी. पण धिप्पाड माणसाला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत असं अलगद बसवायची की त्याला वाटावं, आपले आपणच उठून बसलो. शाळा लग्नाआधीच सुटली होती. बारावी तिनं मुलगी शाळेत जायला लागल्यावर बाहेरून दिली. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. "मी माणसांना वर नेतो आणि ही कुणाला वर जाऊ देत नाही," हा त्याचा ठरलेला विनोद. पाहुणे हसले नाहीत तर तो पुन्हा सांगायचा.

अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या पाठीला जखमा होतात. नर्स येऊन त्या धुवायची, पट्टी बांधायची, आणि भिंगरीनं शेजारी ट्रे धरून उभं राहायचं. एकाची जखम भरते आणि दुसऱ्याची चिघळते, असं का, हे तिला राहून राहून विचारावंसं वाटे. एकदा विचारलंसुद्धा. "तुला काय करायचंय? ट्रे सरळ धर," असं उत्तर मिळालं. भिंगरीनं ट्रे सरळ धरला, पण त्या दिवसापासून नर्स व्हायचं वेड तिच्या डोक्यात शिरलं ते शिरलंच.

दाराजवळच्या पलंगावर एक आजी होत्या. कमरेखालचं अंग हलत नव्हतं, जीभ मात्र ठणठणीत. त्यांचा मुलगा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा, नर्सिंगच्या वर्गालाही तोच होता. दर रविवारी तो आईला भेटायला यायचा आणि रविवारी सकाळी आजींची कोण गडबड! निळा स्वेटर काढ, केस विंचर, माझं तोंड दाराकडे कर. भिंगरी केस विंचरायची आणि आजी लेकाचं कौतुक सांगायच्या.

"त्याच्या हाताखालचं एक पोर आजवर नापास झालेलं नाही, ठाऊक आहे? निकाल शंभर टक्के! कॉलेजनं सत्कार केला त्याचा."

"आजी, मागच्या रविवारी पण शंभरच होता."

"मग काय कमी होणारे?"

सर माणूस गोड. आवाज मऊ, येताना आईसाठी फळं, आणि भिंगरीला न चुकता "ताई" म्हणायचे. तिच्या डोक्यातलं वेड त्यांनीच ओळखलं. "ताई, तुम्ही नर्सिंगला का येत नाही?" एका रविवारी ते म्हणाले. "नोकरी करणाऱ्यांना थोडे थोडे विषय घेऊन शिकता येतं. शिष्यवृत्ती मिळाली की फीची काळजी नाही. अर्ज कसा करायचा ते मी सांगतो. मी आहे ना!"

मी आहे ना! भिंगरीला आयुष्यात हे कुणी म्हटलं नव्हतं. नवरा जिवाला जीव देणारा खरा, पण कॉलेज म्हटलं की तोच बिचकायचा. तिनं अर्ज केला, शिष्यवृत्ती मिळाली आणि पोरीएवढ्या पोरींच्या शेजारी ती वर्गात जाऊन बसली. पोरी सहा विषय घ्यायच्या, हिनं तीन घेतले. सकाळी कॉलेज, दुपारपासून वृद्धाश्रम. शिष्यवृत्ती नसती तर या घराला ती फी झेपणं शक्यच नव्हतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

शरीररचना तिला आवडली, शुश्रूषा तर तिचा हातखंडा. रसायनशास्त्रानं मात्र तिच्याशी उभा दावा मांडला. जेवताना मुलगी तिची उजळणी घ्यायची आणि नवरा कुरकुरायचा, "या घरात मीठ मागितलं तरी आधी त्याचं सूत्र ऐकावं लागतं." पण घासून घासून ती चाचण्यांमध्ये पास होत राहिली. काठावर का होईना, पास.

वार्षिक परीक्षेच्या तोंडावर सरांनी तिला प्रयोगशाळेत बोलावलं. धुतलेल्या परीक्षानळ्या उलट्या टांगल्या होत्या, नळ थेंब थेंब गळत होता. सरांनी तिच्यासाठी स्वतः स्टूल पुढे केलं.

"ताई, खरं सांगू? यंदा तुमचं काही खरं नाही. एकदा नापासाचा शिक्का बसला की तो पुसला जात नाही. त्यापेक्षा विषय आत्ताच सोडून द्या. पुढच्या वर्षी निवांत घ्या."

"पण सर, चाचणीत मी पास झालेय."

"काठावर. आणि काठावरचं माणूसच पडतं. मी तुमच्या भल्याचं सांगतोय. पुष्कळ मुलं सोडतात, काही बिघडत नाही."

"शिष्यवृत्तीला काही धक्का..."

"अहो, मी आहे ना!"

तिनं तिथेच, ओल्या ओट्याच्या कडेला कागद ठेवून सही केली. वर "तुमचे फार उपकार झाले, सर" असंही म्हणाली. त्या संध्याकाळी आजींची लोकरी शाल तिनं मशीनमध्ये न टाकता स्वतःच्या हातानं धुतली. काय म्हणावं या बाईला!

निकाल लागला. दोन्ही विषयांत ती उत्तम गुणांनी पास. नवऱ्यानं ज्या ज्या इमारतीत लिफ्ट उघडली तिथे तिथे ही बातमी सांगितली, कुणी विचारो न विचारो. सुटी संपल्यावर पुढच्या वर्षाचं नाव घालायला भिंगरी शिष्यवृत्तीच्या खिडकीवर गेली. खिडकीमागच्या बाईंनी तिचं नाव संगणकावर शोधलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"तुमची शिष्यवृत्ती बंद झालीय."

"अहो, असं कसं? मी पास झालेय!"

"दोन विषयांत. वर्षाला जेवढे विषय घ्याल त्यातला पाऊण हिस्सा तरी पुरा व्हावा लागतो. तुम्ही तीन घेतले, दोन पुरे केले. नाही बसत."

"पण तिसरा मी सोडला. नापास कुठे झाले?"

"सोडलेला विषयही घेतलेल्यातच धरतात, बाई. सहावाल्यांनी एक सोडला तर चालून जातं, तीनवाल्यांचं नाही चालत." बाईंनी आवाज जरा खाली आणला. "नापास झाल्या असतात तरी परवडलं असतं. फेरपरीक्षा देऊन मोकळ्या झाल्या असतात. सोडलेल्या विषयाला फेरपरीक्षा नसते."

भिंगरी खिडकी सोडून हलेना. ते बघून बाईंना दया आली असावी. "समितीकडे दाद मागा. शिक्षकांच्या सल्ल्यानं सोडला असेल आणि त्यांनी तसं समितीपुढे सांगितलं, तर वर्षभराची मुभा मिळते. कोण होते शिक्षक?"

"रसायनशास्त्राचे सर."

"ते तर समितीवरच आहेत. नियम त्यांना तोंडपाठ आहेत."

समितीवरच आहेत! भिंगरीचा जीव भांड्यात पडला. म्हणजे काम झाल्यातच जमा. बाईंच्या दुसऱ्या वाक्याकडे तिचं लक्षच गेलं नाही. बाई पुढे आणखी काही बोलणार होत्या, पण ही तोवर फाटकापर्यंत पोहोचलीसुद्धा होती.

रविवारी सर आले. ते आईला सफरचंदाच्या फोडी भरवत असताना भिंगरीनं त्यांना सगळं सांगितलं. सरांचा हात मधेच थांबला.

"अरेरे! हे माझ्या ध्यानातच आलं नाही, ताई."

"तुम्ही एवढंच सांगा सर, की सोडायचं तुम्ही सुचवलंत. बाकी मला काही नको."

"सांगतो ना. मी आहे ना तिथे."

"तो सांगेल गं," आजी फोड चघळत म्हणाल्या. "माझा मुलगा आहे तो."

समितीची बैठक प्राचार्यांच्या खोलीत होती. लांबलचक टेबल, पलीकडे तिघं जण, अलीकडे एक रिकामी खुर्ची. भिंगरी इस्त्री केलेला गणवेश घालून गेली होती, कारण तिथून तिला थेट कामावर जायचं होतं. तिनं सगळं नीट सांगितलं आणि निर्धास्तपणे सरांकडे बघितलं. प्राचार्यांनीही सरांकडे बघितलं. सर पेनाचं टोपण काढत होते आणि लावत होते.

"मॅडमना नोकरी सांभाळून अभ्यास जमत नव्हता," सर म्हणाले. "विषय सोडायचा निर्णय त्यांचाच होता. सही त्यांचीच आहे."

मॅडम! रविवारपर्यंतची ताई मंगळवारी मॅडम झाली.

"सर, असं काय करता? प्रयोगशाळेत तुम्हीच म्हणालात ना? परवा आजींसमोर..."

"तुमचा काहीतरी गैरसमज होतोय."

"घरगुती गोष्टी इथे नकोत," प्राचार्य म्हणाले, आणि पुढच्या विद्यार्थ्याचं नाव पुकारलं गेलं. झालं, काम संपलं! माणसाच्या तोंडाला पानं पुसायला मऊ आवाज फार सोयीचा पडतो.

बाहेर खिडकीमागच्या बाई तिचीच वाट बघत उभ्या होत्या. भिंगरीचा चेहरा बघून त्यांना विचारावं लागलं नाही. "दर वर्षी परीक्षेच्या तोंडावर त्यांच्या वर्गातली कच्ची पोरं विषय सोडतात," त्या म्हणाल्या. "उरतात ती पास होतात. त्या दिवशी सांगणार होते मी तुम्हाला, पण तुम्ही थांबलात कुठे?"

मग मात्र तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. निळा स्वेटर, कंगवा, दर रविवारचं ते कौतुक. ज्या शंभर टक्क्यांवर ती आजींची थट्टा करायची, त्यात कमी नको म्हणून तिला वर्गातून अलगद उचलून बाहेर ठेवलं होतं. आणि तिनं त्याचे उपकार मानले होते! तिच्या अंगाची आग आग झाली. दुश्मनानं केलं असतं तर ती दोन शिव्या देऊन मोकळी झाली असती. पण ज्याच्या आईचं सगळं तिनं हातानं काढलं, त्यानं केसानं गळा कापला होता.

नवऱ्यानं ऐकलं आणि हत्यारांची पिशवीच उचलली. "त्याच्या इमारतीची लिफ्ट माझ्याकडेच आहे. दोन मजल्यांच्या मधे अडकवतो साल्याला आणि वर उभा राहून म्हणतो, मी आहे ना!"

भिंगरी हसली. हसता हसता तिला रडू फुटलं आणि मग ते काही थांबेना. पाठ करायला भिंतीवर चिकटवलेली सूत्रं मुलीनं न सांगता काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली, न जाऊन करते काय? आजींच्या खोलीचं काम बदलून मागावं असं तिच्या मनात आलं होतं. पण आजींनी तिला बघताच पाठ दुखत असल्याची तक्रार सुरू केली आणि तिचे हात आपसूक कामाला लागले.

त्या रविवारी सर आले नाहीत. पुढच्याही रविवारी नाही. फळं माणसाकरवी येत होती आणि सोबत निरोप, की कामात आहे. आजी निळा स्वेटर घालून दाराकडे तोंड करून पडायच्या, आणि कॉरिडॉरमध्ये पाऊल वाजलं की मान उचलायच्या. असे कितीतरी रविवार गेले. शेवटी एकदा केस विंचरून घेताना आजींनी फटकन विचारलं.

"तू काही बोललीस का त्याला?"

कंगवा थांबला. भिंगरीचा राग अगदी ओठांपर्यंत आला.

"बोलायला ते आलेत कुठे, आजी?"

"तुझं ते काम केलं ना त्यानं?"

"नाही केलं."

"नाही केलं?" आजींना ते पटेना. "मग तू नापास झाली असशील."

"नापास झाले असते तर बरं झालं असतं, आजी. त्यांनी मला परीक्षेला बसूच दिलं नाही. कच्च्यांना ते बसूच देत नाहीत. निकाल शंभर टक्के लागतो तो असा."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच कसंसं झालं. आता आजी आरडाओरडा करणार, मॅनेजरला बोलावणार, असं तिला वाटलं. आजींनी नुसतं दाराकडे बघितलं.

"मला इथे आणून सोडलं ना, तेव्हा मी खूप रडले होते," त्या म्हणाल्या. "तेव्हा तो हेच म्हणाला होता. आई, काळजी करू नकोस, मी आहे ना."

कॉरिडॉरमध्ये पावलं वाजली आणि पुढच्या खोलीकडे निघून गेली. आजींनी या खेपेला मान उचलली नाही.

"माझी कूस बदल," त्या म्हणाल्या. "दाराकडे पाठ कर."

भिंगरीनं एक हात त्यांच्या खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, आणि त्यांना अलगद भिंतीकडे वळवलं.