खाणीच्या पाण्यातली देवी

पोलीस खात्यात उमर गेली. किती पंचनामे केले, किती जणांची कोठडी मागितली, त्यातलं बरंचसं आता पुसट झालंय. पण खाणीच्या पाण्यातून वर आलेल्या देवीचं प्रकरण काल घडल्यासारखं डोळ्यांपुढे उभं राहतं. निवृत्तीआधीची ती माझी शेवटची नेमणूक, मांजरसुंब्याच्या बाजूच्या डोंगरपट्ट्यातलं ठाणं. गावाचं नाव आणि माणसांची नावं लिहीत नाही.

सकाळी हजेरी चालू असतानाच गावचे लोक ठाण्यात घुसले. देवळातली देवीची पंचधातूची मूर्ती चोरीला गेली होती. गुडघ्याएवढी उंच, फार जुनी. पहिली फिर्याद लिहून घेतली, जिल्ह्यातल्या रस्त्यांवर नाकाबंदी लावली आणि घटनास्थळी गेलो. कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्लीनं उघडून पुन्हा नीट लावलेलं होतं.

किल्ली देवळाच्या गुरवाकडे असायची. साठीतला, अंगानं किरकोळ, कमी बोलणारा माणूस. गावानं तिथल्या तिथे निकाल लावून टाकला. "त्यानंच विकली! आत टाका त्याला!" असा ओरडा सुरू झाला. दुसरी किल्ली देवस्थानच्या अध्यक्षांच्या घरी होती, पण ते गावातले मोठे बागायतदार, पुढारी. त्यांच्या घराकडे बघायची कुणाची छाती नव्हती.

मी गुरवाचा जबाब घेतला. तो एवढंच म्हणाला, "साहेब, माझ्या बापानं, आज्यानं तिला न्हाऊ घातलं. मी तिला कावून विकीन?" त्याला अटक करायला माझ्याकडे पुरावा नव्हता, म्हणून केली नाही. गावानं मात्र शिक्षा देऊन टाकली. त्याच्याशी बोलणं बंद झालं, आणि त्याच्या मुलीची ठरलेली सोयरीक मोडायला आली.

तपास काही दिवस अडून बसला. मग एका दुपारी महामार्गावरच्या ढाबेवाल्याचा फोन आला. हा माझा जुना खबऱ्या. म्हणाला, "साहेब, खडी क्रशरवरचा एक टिपरवाला जेवायला आलता. प्याल्यावर हसत हसत म्हणला, देवी कुठं गेली न्हाई, आंगूळ करायलीय."

आंघोळ म्हणजे पाणी, आणि खोल पाणी म्हणजे गावाबाहेरची बंद पडलेली दगडाची खाण, एवढं जुळवलं आणि त्या टिपरचालकाला उचललं. हात लावायची गरजच पडली नाही. खाणीत पाणी साचलेलं आहे हे आम्हाला माहीत आहे, एवढं म्हटल्यावर त्यानं मान खाली घातली. चोरी त्यानं एकट्यानं केली आणि नाकाबंदीच्या भीतीनं मूर्ती त्या पाण्यात सोडली, असं त्यानं पंचांसमोर सांगितलं. किल्ली कुठून मिळाली, ते मात्र सांगेना.

आता खरी अडचण होती. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. त्यानं सांगितलेल्या जागी वस्तू निघाली, तरच ती पुरावा. मूर्ती निघाली नाही, तर तो सुटणार आणि गुरव जन्मभर चोर राहणार.

ओळंबा सोडून बघितलं. तळ साधारण नव्वद फुटांवर लागला. आमच्या पट्टीच्या पोहणाऱ्यांनी हात टेकले. गळ टाकून बघितले, त्यात जुने टायर आणि वायररोप अडकून आले. बचाव पथक दुसऱ्या जिल्ह्यात पुराच्या कामावर होतं.

अशा वेळी अध्यक्षांचा मुलगा स्वतः पुढे आला. गावात त्याला सगळे दादा म्हणत. पुण्यात शिकलेला, सुट्टीत समुद्रावर जाऊन स्कुबा करणारा. सिलिंडर, सूट, सगळं सामान घरचं. "साहेब, मी उतरतो. देवीचं काम हाय," असं तो म्हणाला तेव्हा गावानं टाळ्या वाजवल्या. माझा नाइलाज होता. उतरू दिलं.

थोड्या वेळानं तो वर आला. गॉगल कपाळावर चढवत म्हणाला, "तळापर्यंत गेलो. सपाट खडक हाय, सगळं स्वच्छ दिसतं. मूर्ती न्हाई. ह्या टिपरवाल्यानं तुम्हाला येड्यात काढलं."

गर्दीतून लगेच आवाज आला, "बघा! गुरवानंच विकली!"

पंचनाम्यात 'शोध घेतला, मिळून आली नाही' असं लिहिलं असतं, तर प्रकरण तिथेच संपलं असतं. माझ्या ठाण्यातली एक महिला हवालदार मला बाजूला घेऊन म्हणाली, "सर, बीडच्या कॉलेजात आमच्या दिंद्रुडकडच्या एक प्राध्यापक बाई हायत. दरवर्षी मालवणला पाण्यात उतरतात. एकदा त्यांना विचारू."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या. पस्तिशीच्या, पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या, बोलणं मोजकं. आई-वडील ऊसतोडीला जायचे, हे त्यांनी ओळख करून देतानाच सांगितलं. दादाही तिथे होताच. बाईंनी त्याला विचारलं, "तुमच्या जोडीला खाली कोण होतं?"

"कुणी न्हाई. मला जोडीदार लागत नाही."

"खोल पाण्याचा कोर्स केलाय?"

दादा हसला. "मॅडम, ते वेगवेगळे कोर्स म्हणजे कार्ड विकायचा धंदा. एकदा पोहायला आलं की आलं. कायदा हाय का तसा, सांगा साहेबांना."

मीही तेच विचारलं. बाई म्हणाल्या, "हौशी माणसाला अडवणारा कायदा माझ्या माहितीत नाही, सर. पहिल्या कोर्सच्या कार्डावर अठरा मीटर, म्हणजे साठ फुटांपर्यंत जावं, पुढचा कोर्स केला की तीस मीटर, म्हणजे शंभरेक फूट, असा शिकवणाऱ्या संस्थांचा दंडक आहे. खोल पाणी, अंधार, शोधकाम यांचे खास कोर्स ज्याचे त्यानं ठरवायचे. पोलीस काही पकडणार नाहीत. पण ते करताना शिक्षक शेजारी असतो. घाबरायला झालं, डोकं जड झालं, हवा झपाट्यानं संपायला लागली, तर काय करायचं हे एकदा त्याच्यासमोर करून झालेलं असतं. कार्ड नसलं तरी चालेल. ते केलेलं नसलं तर चालत नाही."

मग त्यांनी हवालदार बाईंच्या जेवणाच्या डब्याचं पांढरं झाकण मागून घेतलं, दगडाचं वजन देऊन दोरीला बांधलं आणि काठावरून पाण्यात सोडलं. सगळे वाकून बघू लागले. हिरव्या पाण्यात झाकण दोन पुरुष खोलही गेलं नसेल, तोवर दिसेनासं झालं.

बाईंनी दोरी वर ओढली आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सर, हवालदार बाई सांगत होत्या, काल यांच्याकडे बॅटरी नव्हती. मग नव्वद फुटांवरचा सपाट खडक यांनी पाहिला कसा?"

मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. दादाला म्हटलं, "चला, ठाण्यात चहा घेऊ. तुमचा जबाब लिहायचा राहिलाय."

त्याला माझ्या खोलीत बसवलं आणि आधी कोठडीत टिपरचालकाकडे गेलो. एक साधा प्रश्न होता, जो मला बाईंचं बोलणं ऐकताना सुचला होता. त्याला म्हटलं, "मूर्ती पाण्यात सोडलीस, ठीक. पण पुन्हा वर काढणार कोण होतं? तुला तर धड पोहता येत नाही."

तो भिंतीकडे तोंड करून बसला.

"दादा काल खाली जाऊन आले," मी म्हटलं. "सगळ्या गावासमोर म्हणाले, तिथे मूर्ती नाही, टिपरवाल्यानं पोलिसांना येड्यात काढलं."

त्यानं झटकन मान वळवली. "दादा असं म्हणले? सगळ्यांसमोर? आन् किल्ली कुणी दिली म्हणावं! मला म्हणले, तू निस्ती टप्प्यावर ठिव बे, काढायचं माझ्याकडं लागलं. आमी गरिबानं मरायचं, आन् ते टाळ्या घेत हिंडायले!"

त्यानंतर तो घडाघडा बोलला. खाणीच्या कडेला पाण्याखाली चाळीस-एक फुटांवर दगडाचा एक टप्पा होता. खाण कोरडी असताना त्यावर डंपर फिरायचे. तिथे मूर्ती दोरीनं सोडायची, दोर टाकून द्यायचा, नाकाबंदी उठली की दादानं बुडी मारून काढायची. जुन्या मूर्तीला शहरात गिऱ्हाईक ठरलेलं होतं.

खोलीत परत आलो. चहा तसाच होता. मी कागद पुढे ओढून विचारलं, "तळ कसा दिसला, परत एकदा सांगा."

"सपाट... खडक."

"बॅटरी होती?"

"न्हाई."

"आणि टप्प्यावर काय दिसलं?"

टप्प्याचं नाव मी काढलं आणि त्याच्या ओठांवरचं हसू गेलं. तपासात असा एक क्षण येतो. समोरच्या माणसाला कळतं, की साहेबाला आता विचारायचं काही उरलेलं नाही. त्यानं पाणी मागितलं, सगळा ग्लास संपवला.

"मी आधीच एकदा गुपचूप उतरलो होतो, साहेब. टप्पा हातानं चाचपला, मूर्ती न्हवती. घसरून खाली गेली आसंल. म्हणून कड सोडून थोडा खाली गेलतो. एकदम काळं झालं. वर कुठं, खाली कुठं कळंना. श्वास लागला. लई भ्या वाटलं, तसाच वर आलो."

"आणि काल?"

"काल टप्प्यापर्यंतच गेलो. मूर्ती न्हाई म्हणून सांगितलं, की शोध बंद होईल असं वाटलं."

"पुढचा कोर्स केला असता, तर मूर्ती केव्हाच शहरात पोचली असती."

तो खाली बघून म्हणाला, "पहिलं कार्ड हाय. पुढचं कावून करायचं, असं वाटलं."

त्याला अटक केली. अध्यक्षांचे आणि वरच्या पुढाऱ्यांचे फोन सुरू झाले. अटकेची नोंद स्टेशन डायरीला होऊन गेली आहे, असं प्रत्येकाला आदबीनं सांगितलं.

राहिली मूर्ती. बाईंनी खोल पाण्याचा कोर्स केला होता, पण शोधकामाचा नाही. त्या म्हणाल्या, "पुण्याचे माझे शिक्षक येऊ देत. मी एकटी उतरणार नाही." काठावर अख्खं गाव जमलेलं. कुणीतरी ओरडलं, "बाई भ्याली!"

बाई वळून म्हणाल्या, "भ्यालेच आहे. म्हणून तर जोडीदाराची वाट बघतेय."

शिक्षक दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचले. दोघांनी पाण्यात उतरण्याआधी काठावर सगळ्या खुणा ठरवल्या. दोरी एकदा ओढली की ठीक, तीनदा ओढली की सापडली. दोरीचं टोक माझ्या हवालदार बाईंच्या हातात. दोघांकडे दोन-दोन बॅटऱ्या. दिसत नसल्यानं तळ हातानं चाचपत, दोरीच्या आधारानं गोल गोल फिरत ते शोधणार होते. पंच काठावर बसले. टिपरचालकाला बंदोबस्तात आणलेलं होतं. गुरव गर्दीपासून लांब, एका दगडावर एकटा बसलेला.

दोरी अधूनमधून एकदा हलायची. पहिल्या बुडीत काही मिळालं नाही. वर येऊन त्यांनी विश्रांती घेतली, सिलिंडर बदलले. पुन्हा खाली किती वेळ थांबता येईल, याचा शिक्षकांचा हिशोब चालू होता, बाई म्हणाल्या, "उरलेला भाग आता घेऊ." गर्दी कंटाळून बडबडायला लागली होती.

दुसऱ्या बुडीत दोरी ताणली गेली. एक. दोन. तीन. हवालदार बाई किंचाळल्याच, "सर!"

पाण्याला उकळी फुटल्यासारखे बुडबुडे आले आणि हवा भरलेली एक पिवळी पिशवी भसकन वर आली. तिच्याखाली, जाळीत बांधलेली, गाळानं माखलेली मूर्ती. टप्प्याच्या अगदी मुळाशी, पडलेल्या दगडांच्या सांदीत उभीच्या उभी अडकली होती.

मी गुरवाला बोलावलं. ओळख पटवायची होती. त्यानं उपरण्यानं देवीच्या चेहऱ्यावरचा गाळ पुसला, कानामागच्या जुन्या चिरेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हीच हाय." बस. मग त्याचा बांध फुटला. ज्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, त्यांनीच त्याला खांद्यावर घेतलं. हलगी कुठून आली देव जाणे. मी मुद्देमालाला सील लावलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत असा आनंद मला झाला नव्हता.

कोर्टाच्या हुकमानं मूर्ती देवळात परत गेली. पुढे दोघांनाही शिक्षा लागली. गुरवाच्या मुलीचं लग्न त्याच गावात लागलं. मी, बाई आणि त्यांचे शिक्षक तिघेही पंगतीला होतो.

या प्रकरणानं मला माणसं पारखायची एक रीत दिली. ठाण्यात मदतीला धावून येणारे पुष्कळ असतात. पूर्वी मी त्यांची हिंमत बघायचो. आता बघतो, की आपल्याला कुठवर येतं आणि कुठून पुढे येत नाही, हे तो माणूस न विचारता सांगतो का. जो सांगतो, त्याच्या हाती दोर द्यावा. जो म्हणतो मला सगळंच येतं, त्याला चहा पाजावा आणि शांतपणे जबाब लिहायला बसावं.