दुर्बिणीसाठी सोडलेलं नामपूर

नामपूरच्या स्टँडवर एसटी सुरू झाली, तेव्हा आईने खिडकीतून हात घालून माझा दंड धरला आणि शेजारच्या बाईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लोकेसनं ढुंगण देखाले तू नाशिकले जास का वं? तुले दुसरं काही सापडनं नही?"

शेजारच्या बाईने मान वळवून मला नीट पाहून घेतलं. मी म्हटलं, "ढुंगण नाही आई, आतडं." त्याने काही सुधारलं नाही.

बस निघाली आणि मार्केटपाशी कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे अडकली. आईला चालत येऊनही मला गाठता आलं असतं. ती आली नाही. स्टँडवर रडणं तिला जमत नाही, मलाही नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नामपुरात माझा दवाखाना चांगला चालत होता, नवरा तिथल्याच शाळेत शिक्षक, मुलगी लहान. सोडून जावं असं काही घडलं नव्हतं. पण शौचातून रक्त जातं म्हणून माणसं यायची, मी नाशिकला जाऊन मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करायला सांगायची आणि ती जायची नाहीत. मूळव्याधीची पुडी घ्यायची, बरं वाटतंय म्हणायची आणि पुढे कधीतरी पार वाळून परत यायची. तेव्हा फार काही करता येत नसे. मला ती दुर्बीण स्वतःच्या हातात हवी होती. नाशिकमधले एक ज्येष्ठ डॉक्टर शिकवायला तयार झाले. घरात ठरलं ते असं: आखाजीपर्यंत हात बसला तर बिऱ्हाड नाशिकला हलवायचं, नाही तर मी मुकाट्याने नामपूरला परत. पुण्याला आणि परदेशात जाऊन जे विसरले असतील त्यांच्यासाठी सांगते, आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आपल्याकडे त्या दिवशी लेकी माहेरी येतात आणि झोके बांधतात. मला मात्र त्या वर्षी झोक्याची आठवण नको होती.

गंगापूर रोडला एका बंगल्यामागे खोली घेतली. बोलता बोलता 'आहे'च्या जागी अहिराणी 'शे' निघून जायचं आणि भाजीवाली विचारायची, "मालेगावकडच्या का तुम्ही?" नवऱ्याला फोन करायचे तेव्हा एकाच दमात आतड्यातले लूप, सीकम, गॅसचा नंबर आणि पोरीची वेणी कोण घालतं, हे सगळं यायचं. मुलीची आठवण यायची. आली की मी दुर्बीण धुवायला घ्यायची. पहिले काही आठवडे तेवढंच काम होतं.

सरांची पद्धत कडक होती. आधी धुणं, मग सरांनी आत घातलेली दुर्बीण नुसती बाहेर काढत काढत आतडं बघणं, मग थोडं आत जाणं. डाव्या हातात टोक वळवायची चाकं, उजव्या हातात नळी, नजर पडद्यावर आणि तोंड सतत चालू. "बोला डॉक्टर, काय दिसतंय? पुढची वाट कुठे आहे?" असं विचारत सर हात मागे बांधून शेजारी उभे राहत. आपण अडकलो की ते हात पुढे येत आणि एकच शब्द ऐकू येई: "द्या." मग दुर्बीण त्यांच्या हातात आणि आपण बाजूला. तो शब्द न ऐकता आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत, म्हणजे सीकमपर्यंत, पोचायचं. ते जमलं की हात बसला, असा त्यांचा हिशेब. मला रोज "द्या" ऐकू येत होतं.

माझी खोड एकच, ढकलण्याची. आमच्याकडे एसटीसुद्धा धक्का मारून सुरू होते, तिथे मी आतड्याला कशी सोडणार! आणि आतडं काही सरळ पाइप नसतं. ढकलली की नळी आत वेटोळं घालते, टोक जागच्या जागी राहतं आणि पेशंट कळवळतो. वेटोळं पडलं की मागे घ्यायचं, थोडं पिळायचं, जास्तीची हवा काढायची. मग टोक आपोआप पुढे सरकतं. वहीत लिहायला सोपं आहे. हाताला ते पटायला फार वेळ लागतो. यात कुणी आयुष्याचं तत्त्वज्ञान शोधू नये, मी शोधलेलं नाही.

आखाजी जवळ आली. सर लग्नासाठी बाहेरगावी जाणार होते, ते आखाजीनंतरच परतणार. त्यांच्या जाण्याआधीचा शेवटचा पेशंट म्हणजे मखमलाबादच्या भागाबाई. मळ्यात भाजी पिकवून बाजारात विकणारी, दणकट बाई. बरेच दिवस रक्त जात होतं आणि बरेच दिवस मूळव्याधीची पुडी चालू होती. सर म्हणाले, "आज तुम्हीच सुरू करा."

सुरू केलं. हातभर आत गेले नाही तोच पडदा भरून गेला. सर वाकले. "हे काय?"

"शेंगदाणे, सर."

भागाबाई कुशीवर पडल्या पडल्या म्हणाल्या, "आवं, काल एकादशी होती ना!"

"मावशी, काहीही खायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"अन्न नाय खाल्लं बाई, देवाशपथ. तुमचं ते खारट पाणी प्यायले, पोट पार रिकामं झालं, मग फराळ केला. खिचडी, भगर आन् शेंगदाण्याची आमटी."

आम्ही सगळे इथलेच. दर एकादशीला घरोघरी हेच शिजतं आणि काहीही खाऊ नका म्हटल्यावर फराळ चालतोच, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. सर हातमोजे काढत म्हणाले, "पुढची तारीख द्या."

पुढची तारीख म्हणजे माझं नामपूर. आणि भागाबाई एकदा घरी गेल्या की परत येणार नाहीत, हेही मला पक्कं माहीत होतं.

"सर, संध्याकाळी घेऊ? मी इथे बसवून पाणी पाजते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "साफ नसेल तर मी लगेच घरी जाईन."

दिवसभर मी भागाबाईंना औषधाचं पाणी पाजलं. त्या प्यायच्या आणि मला शिव्या द्यायच्या. "तुमची सासू तुम्हाला अशीच पाजती का ओ?" व्हरांड्यात चालवलं तर म्हणाल्या, "येवढं चालून मी मळ्यात चार वाफे खुरपले असते." दुपार सरता सरता संडासातून ओरडून सांगितलं, "डॉक्टरीणबाई, निव्वळ नळाचं पानी! या, बघून घ्या!" मी खरंच जाऊन बघितलं.

संध्याकाळी सर हात मागे बांधून उभे राहिले. पहिल्या वळणापर्यंत झकास. मग टोक थांबलं. माझा उजवा हात ढकलायला निघाला आणि भागाबाई इंजेक्शनच्या गुंगीत पुटपुटल्या, "बाई, आतून कुणीतरी गाठ मारतंय." सरांचे हात मागून सुटल्याचं मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. मी नळी मागे घेतली. चांगली सणसणीत मागे घेतली, पिळली, हवा ओढली. एकदम समोरचं दार उघडल्यासारखी वाट दिसली. पुढचं वळण, मग त्याच्या पुढचं, मग अपेंडिक्सचं बारीक तोंड. सीकम!

"दिखनं!" मी ओरडले.

"काय?"

"दिसलं, सर. पोचले."

त्यांनी हात पुन्हा मागे बांधले. बाहेर येताना डाव्या बाजूला बोराएवढी गाठ दिसली, तिच्या टोकाला रक्त. हीच ती मूळव्याध. "आता द्या," सर म्हणाले, "हे काम अजून शिकायचंय तुम्हाला." त्यांनी तारेचा फास टाकून गाठ काढली. त्या "द्या"चा मला राग आला नाही. पुढे गाठीच्या तपासाचा रिपोर्टही चांगला आला, कॅन्सर नव्हता. भागाबाई टोपलीभर मेथी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "शेंगदाणं घालून करा."

त्या संध्याकाळीच मी धावत एसटीडी बूथ गाठला होता. नवऱ्याला म्हटलं, "जमलं. सामान बांधायला घ्या." तो म्हणाला, "आखाजी तरी इथे करशील ना?" केली. दुसऱ्या दिवशी टेम्पोत कपाट चढलं आणि आई कपाटाकडेच बघत राहिली.

पुढच्या काही वर्षांत मीच शिकवू लागले. पहिली चांगली तयार झालेली विद्यार्थिनी म्हणजे मालेगावची शबाना. तिचा हात माझ्यापेक्षा हलका. माझे हात पुढे आले की म्हणायची, "मॅडम, आप बस पीछे खड़े रहो." मी राहायची. फार अवघड जातं ते, दुर्बीण शिकण्यापेक्षा अवघड. तिने मालेगावात स्वतःचं सेंटर काढलं, त्या दिवशी मला भागाबाईंच्या वेळेइतकाच आनंद झाला.

तोवर नामपूरचे पेशंट माझ्याकडे यायचे. येताना कांदे आणि गावच्या बातम्या आणायचे. मग ते कमी झाले आणि थांबले. मालेगाव जवळ, बाई चांगली, नाशिकला कशाला जायचं! बरोबरच आहे. मला हेच करायचं होतं. तरी सकाळी ओपीडीत गावचा चेहरा दिसला नाही की चुकल्यासारखं होतं.

एकदा आईचा फोन आला. शबानाकडून तपासणी करून घेऊन, रिपोर्ट हातात आल्यावर तिने मला कळवलं होतं. "काही निघनं नही." मी चिडले. माझ्याकडे का नाही आलीस? म्हणाली, "आपली पोरपुढे माय कशी आडवी व्हई? ती पोर तुनी शिकाडेल शे ना, मंग बस."

पुढच्या रविवारी नामपूरला गेले. रिपोर्ट मागितला तर म्हणाली, तो शबानाने वाचलाय, तू हात धुऊन ये. ताट वाढलेलंच होतं. स्टेथोस्कोप गाडीत राहिला होता, तो आणायला मी उठले नाही. माझ्यावाचून गावाचं सगळं नीट चालतं आणि तरी जेवल्याशिवाय मला कुणी सोडत नाही. माझं घर आता तेवढं आहे, आणि ते पुरतं.