न पाहिलेले तीन मासे

पाद्रीबाबांनी ताउनोचं आयुष्य चार मिनिटांत आटोपलं. जन्म याच बेटावरचा, बाप फिनलंडहून अमेरिकेत आलेला, पन्नास वर्षं कोलंबिया नदीवर जाळं टाकलं, लग्न केलं नाही, देवावर नितांत श्रद्धा होती. शेवटचं वाक्य सोडलं तर बाकी सगळं खरं होतं. मग आम्ही सगळे शेजारच्या हॉलमध्ये कॉफीला गेलो. वेलचीचा पाव कमी पडला, कारण तो भाजणारीनं लोक येणार नाहीत असा अंदाज बांधला होता. लोक आले. मेलेल्या माणसाशी भांडण ठेवायचं नाही एवढी रीत आमच्याकडे अजून आहे.

माझ्या मागच्या टेबलावर आमच्यातलाच मासेमार लेनार्ड साल्मी बसला होता. तो पाव कॉफीत बुडवत म्हणाला, "माणूस सरळ होता. ते तीन मासे सोडले तर." बाकीच्यांनी माना डोलावल्या.  तेव्हाही मी काही बोलले नाही, आणि त्याची मला आज लाज वाटते.

ताउनो माझा धाकटा दीर. माझा नवरा यालमारी गेला, त्यानंतरच्या वसंतात हा दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात. म्हणाला, "वहिनी, बोटीवर दोन हात कमी पडतायत." तेवढंच त्याचं सांत्वन. मी यालमारीचे रबरी बूट घातले, आत दोन जोड मोजे चढवले आणि त्याच्या बोटीवर गेले, ती बावीस वर्षं. तो जाळं सोडायचा आणि ओढायचा, मी मासे सोडवायचे. दिवसदिवस आम्ही दहा वाक्यं बोलत नसू. त्यातली नऊ माझी असत.

बोटीवरचा हा मुका माणूस सभेत मात्र कोणाला आवरत नसे. दर हिवाळ्यात सरकारी मत्स्य खात्याचे लोक हॉलमध्ये येत आणि येत्या वर्षी नदी मासेमारीला किती वेळ उघडी राहणार ते सांगत. माझ्या सासऱ्यांच्या काळी ती महिनेच्या महिने उघडी असे. मग आठवडे झाले, मग दिवस, आणि आता तास. नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं, दोघांचे साहेब फोनवर बसून ठरवणार, आणि आम्ही इकडे जाळी सांधत त्यांचं तोंड उघडायची वाट बघणार. ताउनो उठून उभा राहायचा आणि ओरडायचा, "कचेरीत बसून मासे मोजता! हे आकडे खोटे आहेत! हिंमत असेल तर जाळ्याशी येऊन मोजा!" तीस वर्षं तो हेच ओरडत आला. एका वर्षी एक नवा साहेब शांतपणे म्हणाला, "बरं. मग तुम्हीच मोजा." हॉलभर हशा पिकला. ताउनोनं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता.

तेव्हापासून तपासणीचं जाळं त्याचं. मार्चमध्ये नदी सगळ्यांना बंद असताना रविवारी सकाळी एकटी त्याची बोट निघायची. बरोबर मी, आणि खात्याची एक मुलगी हातात तक्ता घेऊन. सरकारी हौदात वाढवून सोडलेल्या सॅमन माशाचा शेपटीजवळचा अंगठ्याएवढा पर लहानपणीच कापलेला असतो. तो हौदाचा मासा, तो विकायला चालतो. ज्याचा पर शाबूत तो नदीचा, नदीतच जन्मलेला. तो जिवंत परत सोडायचा. असे मासे आता थोडे उरलेत म्हणून ही सगळी उठाठेव. तीन रविवारांत आमच्या जाळ्यात नदीचे मासे साठापर्यंत आले तर बाकीच्या बोटींना एक दिवस मिळणार. साठाच्या वर एक जरी गेला, तर बाकीच्या जाळ्यांत ते फार मरतील म्हणून वसंताचा हंगाम बुडाला.

त्या वर्षी पहिल्या दोन रविवारी मिळून चव्वेचाळीस आले होते.

माझा रॉय तेव्हा चाळिशीचा, माझ्याच घरात राहायचा. मागची दोन वर्षं वसंत कोरडा गेला होता. सरकार परवाने परत विकत घेत होतं आणि मुदत एप्रिलअखेरची होती. तो म्हणायचा, "आई, एक दिवस मिळाला तरी मी थांबतो. नाही मिळाला तर परवाना देऊन टाकतो आणि आयडाहोत जातो." तिथे त्याच्या मित्राचं मालगोदाम होतं. आयडाहोत समुद्र नाही, भरती नाही. आणि मला दुसरा मुलगा नाही. मला रात्री झोप लागत नव्हती, हे मी कोणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, नेहमीप्रमाणे सगळे ताउनोच्या सौनात, वाफेच्या लाकडी खोलीत, आंघोळीला जमले. पुरुष आत, मी बाहेरच्या खोलीत टॉवेल घड्या करत होते. लाकडी भिंतीतून सगळं ऐकू येतं.

रॉय म्हणाला, "काका, उद्या बेटाच्या कडेनं सोडा ना जाळं. तिकडे उथळ आहे, नदीचा मासा फिरकत नाही. त्या पोरीला माशांतलं कळतं, पाण्यातलं काय कळतंय?"

तापलेल्या दगडांवर पाणी ओतल्याचा आवाज आला. मग ताउनो म्हणाला, "तुला कळतंय ना. मलाही कळतंय."

"म्हणजे सोडणार नाही?"

"पाठ चोळून घे आणि घरी जा."

रविवारी ओहोटी सुरू होताच आम्ही निघालो. धुकं होतं. खात्याची मुलगी, ब्रेना नाव तिचं, केबिनमध्ये चहाच्या थर्मासला धरून बसली होती. मी ताउनोच्या जवळ गेले आणि माझं तोंड सुटलं. "भावजी, बेटाच्या कडेनं घ्या. मी कधी काही मागितलंय तुमच्याकडे? यालमारीची शपथ आहे तुम्हाला." त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. बोट नेहमीच्या पट्ट्यावर नेली. तळातले ओंडके त्यानं आणि यालमारीनं तरुणपणी पाणबुडे लावून काढले होते, तोच पट्टा. तिथे जाळं सोडलं आणि आम्ही जाळ्याबरोबर खाली वाहत गेलो. मी त्याला मनातल्या मनात एवढ्या शिव्या दिल्या की माझ्या आईनं ऐकल्या असत्या तर तोंड साबणानं धुतलं असतं.

जाळं ओढायला घेतलं. हौदाचा, हौदाचा, नदीचा, हौदाचा, नदीचा. नदीचा मासा आला की मी तो वाहत्या पाण्याच्या पेटीत ठेवायचे, ब्रेना लिहायची, मासा तरतरीत झाला की सोडायचा. पंधरा झाले. चव्वेचाळीस आणि पंधरा, एकोणसाठ. जाळं थोडंच उरलं होतं. मी देवाची प्रार्थना करत होते, आणि मला वाटतं तो ऐकतही होता, कारण तेवढ्यात जाळं जड झालं आणि ते गुंडाळणारा रूळ थांबला.

स्टर्जन होता, नदीच्या तळाशी राहणारा अजस्र मासा. बोटीच्या रुंदीपेक्षा लांब, जाळ्यात गुरफटलेला. अंड्यांची मादी असणार. इतका मोठा मासा धरायला बंदी आमच्या जन्माच्या आसपासची. पाठीवर हाडासारख्या खवल्यांची रांग, लहानसे डोळे, आणि शांत. अशा वेळी बाकीचे लोक गडबड करतात आणि मासा मारून टाकतात. ताउनो काठावर पोटावर झोपला, कोपरापर्यंत हात पाण्यात घातले आणि सुरीनं आपलंच नवं जाळं एकेक धागा कापायला लागला. ब्रेना मोजपट्टी घेऊन त्याच्या शेजारी ओणवी झाली. दोघांची पाठ माझ्याकडे.

तेव्हा मी मागच्या टोकाला वाकले. जाळ्याचा शेवटचा भाग पाण्यात लोंबत होता. त्यात तीन सॅमन होते. मी बोटांनी शेपटीकडे चाचपलं. पहिल्याचा पर होता. मी जाळं झटकलं, तो गेला. दुसऱ्याचा होता, तोही सोडला. तिसऱ्याचाही होता, पण तो अडकला होता; मी त्याच्या कल्ल्यावरून धागा दातानं तोडला आणि त्याला ढकलून दिलं. तिन्ही जिवंत गेले. मला वाईट वाटलं नाही. मला आनंद झाला.

वळले तर ताउनो माझ्याकडे बघत होता. स्टर्जन गेली होती.

ब्रेना पट्टीवरचं पाणी झटकत म्हणाली, "मग पंधराच ना?"

ताउनो उठून बसला. त्याचे हात लालभडक झाले होते. "पोरी, अजून तीन लिही. नदीचे."

"कुठले? मी पाहिले नाहीत."

"म्हणून तर सांगतोय. जाळं कापताना माझ्या हातून सुटले."

"तुमच्या हातून?"

"माझ्या."

तिनं तक्त्याच्या कडेला लिहिलं: तीन, मासेमाराच्या सांगण्यावरून. ताउनोनं खाली सही केली.  अठरा झाले होते. एकूण बासष्ट.

धक्क्यावर ब्रेना उतरून गेल्यावर मी त्याच्यावर तुटून पडले. "तुमच्या पुतण्याचं घर उठवलंत! तीन माशांसाठी!"

तो दोर गुंडाळत होता. "तीस वर्षं त्यांना खोटारडे म्हणालो, वहिनी. भर सभेत. आता मी काय म्हणू?"

"काही म्हणू नका! गप्प बसायचं होतं!"

"तुम्ही गप्प बसा," तो म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याशी असं बोलला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमचं नाव मी घेतलेलं नाही. घेणारही नाही. रॉयला आई एकच आहे."

मंगळवारी सगळे लेनार्डच्या जाळ्यांच्या शेडमध्ये फोनभोवती बसले. नदी उघडणार नाही, असं साहेबानं वाचून दाखवलं. कोणीतरी तक्ता मागवून घेतला आणि कडेची ओळ सगळ्यांच्या नजरेस पडली. मग काय. ताउनो खात्याला विकला गेला. सगळ्यांची नदी बंद राहिली म्हणजे याची एकट्याची उघडी. ताउनोनं न पाहिलेले मासे पाहिले. दुकानात, रस्त्यावर, चर्चच्या पायरीवर लोक त्याला विचारायचे, "काय रे, आज किती न पाहिलेले पाहिलेस?" शनिवारचा सौना तो तापवायचा आणि एकटाच आत बसायचा. लेनार्डची बायको मला म्हणाली, "पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, हे तुझ्या दिराला कोणी सांगितलं नाही का?" मी मान हलवली. एवढंच केलं.

रॉयनं परवाना दिला. मेच्या पहिल्या आठवड्यात तो आयडाहोला गेला. मला दर रविवारी फोन करायचा, काकाचं नाव काढायचा नाही. मी पुढेही ताउनोच्या बोटीवर जात राहिले, कारण दुसरं कोणी जाईना. लोकांना वाटायचं, सायमा किती सोशिक. मी सोशिक नव्हते. मी भित्री होते. रोज ठरवायचे, आज शेडमध्ये जाऊन सांगून टाकू. आठ वर्षं गेली. शेवटी त्याच्या फुप्फुसात पाणी झालं, मी त्याला चमच्यानं सूप भरवत होते, तेव्हा म्हणाले, "भावजी, मी सांगते त्यांना." तो म्हणाला, "आता कशाला? मीठ कमी आहे." त्यानंतर चौथ्या दिवशी तो गेला.

हॉलमधून मी घरी आले, कोट न काढता रॉयला फोन लावला. रॉय अंत्यविधीला आला नव्हता. मी त्याला सगळं सांगितलं. धुकं, स्टर्जन, कल्ल्यावरचा धागा, माझे दात. ते तीन मासे होते, म्हटलं, खरे होते, आणि सोडले मी. उद्या शेडमध्ये जाऊन लेनार्डच्या तोंडावर हेच सांगणार आहे.

 

"मी आयडाहोला निघालो त्या दिवशी सकाळी काका आले होते," तो म्हणाला. "पायरीवर उभे होते. टोपी हातात घेऊन. तीनदा दार वाजवलं. मी आतून बघत होतो, आई. उघडलं नाही."

मी कोटाचं वरचं बटण सोडलं.

"तू कुठे होतीस तेव्हा?"

"स्वयंपाकघरात," मी म्हणाले. "मलाही दिसले होते ते."