बेडकाची ऊब

आमच्या रत्नागिरीत थंडी पडली की लोकांचे चेहरे उजळतात, कारण थंडीशिवाय आंब्याला मोहोर येत नाही. आमच्या घरात त्या डिसेंबरात मी एकटाच थंडीला शिव्या घालत होतो. मुंबईची नोकरी सुटली तेव्हा मी बरोबर आणलेला एकच सोबती होता, काचेच्या टाकीतला परदेशी बेडूक. त्याला ऊब हवी आणि ओलही हवी. बल्ब लावला की तळाचा काथ्या सुकायचा, पाणी शिंपडलं की टाकी गार पडायची. गोणपाट गुंडाळून दोन्ही कसंबसं जमवलं की नेमकी वीज जायची. बाबा रोज आमच्या आंब्याच्या बागेतून येऊन विचारायचे, "अजून जिवंत आहे काय रे ते?"

एका सकाळी तो काथ्यात ताठ पडलेला दिसला. हात लावला तर काचेइतका गार. बाबा मागे येऊन उभे राहिले. वाकून बराच वेळ बघत होते. मला वाटलं, आता तरी पाठीवर हात ठेवतील.

"यंदा थंडी बरी पडली म्हणायची," ते म्हणाले, आणि मोहोर बघायला बागेत गेले.